तिसऱ्या पुस्तकापासून सुरुवात करा

काल शेवटची आगबोट गेली. मांडवीच्या धक्क्यावर उभा राहून तिचा भोंगा ऐकला आणि घरी आलो. आता नारळी पुनवेपर्यंत मुंबईचं माणूस नाही, पेटारा नाही, पुस्तक नाही. पत्र येतं कधीमधी घाटावरून फिरून, पण पुस्तकांचं पार्सल त्या वाटेनं कोण पाठवतो? बंदरावर धोक्याचा बावटा चढलाय. पडाव, उतारूंच्या मोठ्या होड्या, वाळूवर ओढून घेतले, त्यांच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले. ओळीनं झाकून ठेवलेले ते पडाव बघवत नाहीत मला. चेहऱ्यावरून चादर ओढल्यासारखे दिसतात.

पूर्वी असं वाटत नसे. मी तांडेल होतो. लांब पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीपासून धक्क्यापर्यंत माणसं आणायचं काम. हाताखाली आठजण वल्ही मारायचे. बंदर बंद झालं की तीन महिने हातपाय पसरून बसायचं, जाळी विणणाऱ्यांना सल्ले द्यायचे आणि बायकोच्या शिव्या खायच्या. चांगले दिवस होते ते.

मी मराठी चौथी शिकलेला माणूस. लेख लिहिणं माझं काम नाही. पण मुलींच्या शाळेच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "तांडेल, तुम्ही अख्ख्या आळीला ही पुस्तकं वाचायला लावलीत. आता चार ओळी लिहाही." म्हणून लिहितो. आवडलं तर वाचा, नाही तर राहू दे.

पुस्तकं यमूआत्याची. गिरगावातल्या कुठल्याशा छापखान्यातून निघतात. पिवळा पुठ्ठा, कागद हलका, बोट ओलं करून पान उलटलं तर शाई बोटाला लागते. यमूआत्या म्हणजे कोणी पोलीस नाही. साठीची विधवा बाई, भाच्याच्या घरी राहते, फणसाच्या आठळ्या सोलते आणि गावात कोणी मेलं की कोणी मारलं ते सांगते. मेलेला माणूस पहिल्या पाच पानांत मरून पडतो. पुढं किंकाळ्या नाहीत की रक्ताची थारोळी नाहीत. माणसं भात जेवतात, कोहळा चिरतात, एकमेकांच्या घरी हळदीकुंकवाला जातात. आणि त्यांच्यातच एकजण तो असतो. आपल्याबरोबर सोलकढी पिणारा. मला वाटतं भीती त्याचीच जास्त. राक्षस लांबून दिसतो, त्याला भ्यायचं सोपं आहे.

पहिलं पुस्तक मला पडावात सापडलं. उतारू उतरून गेले आणि फळीखालच्या पाण्यात पिवळं काहीतरी तरंगत होतं. चुलीच्या वैलावर वाळवलं, पानं पापडासारखी फुगली. कोणाचं म्हणून चौकशी केली तर मास्तरीणबाईंचं निघालं. द्यायला गेलो.

"वाचलंत का?" त्या म्हणाल्या.

"दुसऱ्याचं कसं वाचू?"

"वाचा आणि मग आणून द्या. पण हे नको, हे पहिलं आहे. तिसऱ्यापासून सुरुवात करा." आणि आतून तिसरं आणून हातात दिलं.

तोच सल्ला मी आजपर्यंत सगळ्यांना देत आलो. पहिल्या दोन पुस्तकांत यमूआत्या फार बोलते. लिहिणाऱ्याला ती अजून नीट ओळखीची झालेली नाही. तिसऱ्यात ती गप्प बसायला शिकली. तिसऱ्यात एक शाळामास्तर विहिरीत सापडतो. सगळे म्हणतात, भर पावसात फिरायला गेला आणि पाय घसरला. यमूआत्या त्याच्या घरी समाचाराला जाते आणि खुंटीकडं बघते. छत्री खुंटीला, कोरडी ठणठणीत. बस. एवढंच. घरात जी वस्तू वापरायला हवी होती आणि कोणी वापरलेली नाही तिच्याकडं बघायचं, ही तिची रीत. कोणी मारलं ते सांगत नाही. वाचा.

माझी बायको पार्वती राजापूरकडची. तिला अक्षर येत नव्हतं. मी वाचायचो आणि ती ऐकायची. मी अडखळत वाचतो, जोडाक्षर आलं की घोट घेतल्यासारखा थांबतो. ती तेवढ्यात पुढचं ओळखून मोकळी.

"तुमी थांबलाव म्हणजे काय तरी वाईट येतंय," म्हणायची.

"अगो, शब्द कठीण हाय म्हणून थांबलो."

"कठीण शब्द वाईट गोष्टीलाच लागतो."

आमच्याकडं चातुर्मासात पोथी वाचायची रीत. दुपारी तीनच्या सुमाराला पडवीत चौरंग मांडायचा, समई लावायची, आळीतल्या बायका वाती वळत बसायच्या. एका पावसाळ्यात पोथी संपली आणि पाऊस काही संपेना. पार्वती म्हणाली, आता ते पिवळं वाचा. मी चौरंगावरच ठेवून वाचायला लागलो. बायका हलल्या नाहीत. चार पावसाळे असे गेले. शेजारच्या द्वारकाकाकू कानानं अधू; त्यांना वाटे हे कुठलं तरी माहात्म्यच आहे. रोज येताना जास्वंदीचं फूल आणायच्या, पुस्तकावर वाहायच्या, डोकं टेकायच्या. नेमकं त्या पानावर कोणीतरी कोणाला धोत्र्याचं बी घातलेलं असायचं. पार्वती पदर तोंडात कोंबून हसे. सांगितलं मात्र कोणी नाही. सांगून काय करायचं? फूल चांगलं होतं, बाई भली होती.

आता ज्या पावसाळ्याचं सांगायचं तो नऊ वर्षांपूर्वीचा. काल भोंगा ऐकला आणि तोच समोर उभा राहिला. दर वर्षी राहतो.

त्या वर्षी शेवटच्या बोटीनं यमूआत्याचं नवं पुस्तक आलं, पण अर्धंच. मोठं झालं म्हणून छापणाऱ्यानं दोन भाग केलेले. दुसरा भाग पुनवेनंतरच्या पहिल्या बोटीनं येणार. त्यात एक म्हातारा खोत पोफळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात पालथा पडलेला. चारजण संशयात. धाकटा भाऊ, कारकून, सुनेचा मामा आणि वैद्य. पूर्वार्ध संपतो तिथं यमूआत्या नुसती आठळ्यांचं सूप बाजूला सारते आणि म्हणते, कळलं. आणि पान संपलं! मी पुठ्ठा उलटा करून बघितला.

पार्वतीचे पाय त्या वैशाखातच सुजायला लागले होते. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. जिना सोडा, उंबरा चढताना तिला दम लागे. आषाढ लागला तेव्हा ती माजघरात उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपायला लागली. आडवी झाली की गुदमरे. आमच्या आळीचे वैद्यबुवा रोज काढा घेऊन येत.

"वैद्यबुवा, आधी तुमी एक घोट घ्या," ती म्हणायची.

"का हो वहिनी?"

"खोताला तुमीच मारलंत. माजी खात्री हाय. जो रोज घरात येतो आणि ज्याच्याकडं कोण बघत नाय, तोच असतो."

वैद्यबुवा खरंच एक घोट घ्यायचे. तोंड वाकडं करायचे. ती खूश व्हायची.

एक दिवस जाताना ते पायरीवर थांबले. छत्री उघडली आणि परत मिटली. पाऊस इतका होता की मला त्यांच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. म्हणाले, "तांडेल, पुनवेचं सांगता येत नाही. तोवर नाही टिकणार बहुधा." आणि मग जाता जाता, जसं मीठ संपलंय का विचारावं तसं, "घरात सुकी फाटी आहेत ना?"

मी हो म्हटलं. वैद्यबुवांनी सुक्या जळणाचं का विचारलं, ते आमच्या इथल्या कोणालाही कळेल. पावसाळ्यात मरण वाईट. त्याच्या आदल्या वर्षी आळीतला एकजण असाच आषाढात गेला, घरात सगळं ओलं. आम्ही सहाजण त्याला घेऊन गेलो. लाकडं नुसती धुमसत होती, घासलेटचा डबा ओतला तरी धुमसत होती, वरून पत्र्यातून पाणी गळत होतं. संध्याकाळपर्यंत उभे होतो. काय बघितलं ते लिहीत नाही. त्याची बायको घरी विचारत होती, नीट झालं ना सगळं? आम्ही सहाहीजण म्हटलं, नीट झालं. तेव्हापासून माझ्या मनात एकच बसलं होतं. हिचं तसं होऊ द्यायचं नाही.

मिरजोळ्याहून उन्हाळ्यात गाडीभर आंब्याची लाकडं आणली होती, फोडून चुलीसाठी रचलेली. त्या दुपारी ती झोपली असं बघून मी सगळी मागल्या पडवीत कोरड्या कोपऱ्यात नेली. खाली दगड घातले. वर पडावाचा जुना झाप टाकला, झापावर फाटकं जाळं, जाळ्यावर नारळाची सोडणं. कोणाला कळणार नाही असं. मग चुलीला मिळेल ते घालायला लागलो. ओलं किंजळ, झावळीचे पिढे, भिजकी काटकी.

घर धुरानं भरून गेलं. रांधायचं मीच. भात करपायचा नाही तर चिकट व्हायचा, धूर मात्र रोज नेमका व्हायचा. ती खोकायची. खोकला थांबला की बघत बसायची. माझ्याकडं नाही, चुलीकडं. मग मागल्या दाराकडं. मला ते आवडत नसे. दुपारी आळीच्या बायका येऊन बसत. दुसरा भाग नाही म्हणून मी पूर्वार्धच परत वाचायचो, तिसऱ्यांदा वाचला तो. सगळ्यांना सगळं पाठ. तरी खोत पाटात पालथा दिसतो त्या ओळीला सगळ्या वाती वळायच्या थांबत. पन्हळीतून पाणी कोसळत असे, समईची ज्योत आडवी व्हायची, आणि मला वाटे, पुस्तकात कोणी तरी मेलंय ते बरं आहे. सगळ्यांची नजर तिकडं राहते.

तिची नव्हती.

एका दुपारी बायका गेल्या आणि ती म्हणाली, "अवो, चुलीत काय घालताव?"

"किंजळ."

"ओलं?"

"पावसात सुकं कुठलं मिळणार?"

"मिरजोळ्याची आंब्याची लाकडं होती ती?"

"संपली."

"गाडीभर? आगोटीलाच, पाऊस लागतोय तोच?"

मी पेजेत डाव फिरवत राहिलो. पेज खाली लागत नव्हती, तरी फिरवत राहिलो.

"मागल्या पडवीत झापाखाली काय हाय?" ती म्हणाली.

"पडावाच्या डागडुजीचं सामान."

"लाकूड?"

"हो. लाकूडच."

"फोडलेलं?"

मी वाकून चुलीत फुंकर घातली.

"तीस वर्षं तांडेलाची बायको हाय मी. पडावाला साग लागतो, फळी लागते. फोडलेल्या आंब्याच्या ढलप्या कोण लावतो पडावाला?" दम लागला म्हणून ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मास्तराची छत्री आठवते? खुंटीला होती ती?"

मी डाव खाली ठेवला. मीच ते पुस्तक वाचून दाखवलं होतं तिला. एकेक अक्षर करून.

"घरभर धूर," ती म्हणाली, "मी खोकून मरतेय, तुमचे डोळे लाल. आणि सुकी लाकडं घरात असून तुमी हात लावत नाय. मग ती कोणाची हायत? तुमची तर नायत. ती माजी हायत."

पाऊस पडत होता.

"वैद्यानं किती दिस सांगितलान?"

मी सांगितलं. पुनवेपर्यंत नाही म्हणाले, असं सांगून टाकलं. ती रडेल असं वाटलं होतं. रडलो मी. ती चिडली.

"म्हणजे दुसरा भाग मला मिळायचा नाय! मेल्यानं दोन भाग कशाला केलान?"

मग तिनं मागल्या दाराकडं बघितलं. आणि म्हणाली, "त्यातली दोन लाकडं काढा. आज पेज कोरड्या आगीवर करा."

"नाही."

"का?"

मी आदल्या वर्षीचं सांगितलं. नीट झालं असं जे आम्ही सहाजणांनी म्हटलं होतं, ते खोटं होतं, हेही सांगितलं. ते मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचा हात गार होता, फुगलेला, माझ्या हातावर ठेवला.

"मेल्यावर धूर माज्या डोळ्यांत जाणार नाय. आता जातोय. जाळा ती."

"आणि कमी पडली तर?"

"आळी हाय की. चार पावसाळे आपल्या पडवीत बसून फुकट खून ऐकलेत सगळ्यांनी. एक एक ढलपी देतील."

त्या संध्याकाळी मी झाप काढला. आंब्याचं लाकूड चुलीत घातलं. निळा, स्वच्छ जाळ. घरातला धूर हळूहळू कौलांतून निघून गेला आणि किती दिवसांनी मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. सुजलेला होता, पिवळा होता. धुरात बरा दिसायचा. तिनं वाटीभर पेज खाल्ली, मेतकूट मागितलं. दुसऱ्या दिवशी परत तेच लाकूड. तिसऱ्या दिवशी परत. रचलेला ढीग खाली खाली यायला लागला. मी रोज उरलेल्या ढलप्या मोजायचो. ढीग संपतोय की ती, यात शर्यत लागल्यासारखं झालं. आणि ती रोज म्हणायची, आणखी एक घाला.

पुनवेला आठ दिवस असताना सकाळी गेली. बसल्या बसल्या. काढ्याचा पेला वैद्यबुवांनी तोंडाला लावला होता, आधी स्वतः घोट घेऊन.

पडवीत अकरा ढलप्या उरल्या होत्या. बाहेर आभाळ खाली आलेलं. मी त्या अकरा ढलप्यांकडं बघत उभा होतो. मग द्वारकाकाकू आल्या. पदराखाली काहीतरी झाकलेलं. मला वाटलं, फूल असेल. दोन सुकी लाकडं होती, चुलीच्या वैलावर वाळलेली, अजून कोमट. त्यांच्यामागून पलीकडच्या घरातली आली, इरल्याखाली चार घेऊन. मग एकेक करून सगळी. मी कोणाला सांगितलं नव्हतं. पार्वतीनं सांगून ठेवलं होतं का, ते मी आजवर विचारलेलं नाही. फणस, काजू, किंजळ, एका घरातून तर मोडक्या पाळण्याचा पाय. सगळं कोरडं. त्या दिवशी आळीतल्या सगळ्या चुली ओल्या लाकडावर धुमसल्या असणार.

पेटली. एका काडीत पेटली. वरून पाऊस आला तरी दबली नाही.

पुनवेनंतर पहिली बोट आली. मीच पडाव घेऊन गेलो, दुसरं कोण जाणार? मास्तरीणबाईंचं पार्सल माझ्याच हातांनी उतरवलं. ते त्यांनी तिथंच फोडलं आणि पुस्तक मला दिलं. "आधी तुम्ही," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी चौरंग मांडला. बायका आल्या. वैद्यबुवाही येऊन बसले, काठीवर हनुवटी टेकून. वाचलं. जोडाक्षराला थांबलो की कोणी पुढचं बोलत नव्हतं.

खुनी वैद्य नव्हता. कोण होता ते लिहीत नाही, तुम्हाला वाचायचंय. पण वैद्य नव्हता. पार्वती चुकली. वैद्यबुवा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ती बरोबर निघायला हवी होती. पुस्तकातलं तिला ओळखता आलं नाही. घरातलं तेवढं ओळखलं.

यमूआत्याची आता एकोणीस पुस्तकं झालीत. सगळी चांगली नाहीत. आठवं आणि अकरावं टाळा, लिहिणारा आजारी असावा. चौदावं आगबोटीवर घडतं, ते मला पटलं नाही. भरतीला पडाव आगबोटीला कसा लावतात ते त्या माणसाला ठाऊक नाही. दोन भागांचं आहे ते दोन्ही भाग हातात असतील तरच उघडा. हे मी कळकळीनं सांगतो.

पडवीत अजून वाचतो. डोळे कमी झालेत, म्हणून पलीकडच्या घरातली नवी सून शेवंता वाचते, मी ऐकतो. मंडणगडकडची आहे, सातवी झालेली, भराभर वाचते. काल बोट गेल्यावर आली तेव्हा मी चुलीपुढं डोळे पुसत होतो.

"काका, केवढा धूर! ओलं कशाला जाळताव? मागं रचल्यात की सुकी लाकडं."

रचलीत. आंब्याची. यंदा झाप घातलेला नाही, जाळं नाही, सोडणं नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशी उघडी ठेवलीत. गेले दोन महिने माझेही पाय सुजतायत. बोट दाबलं की खळगा राहतो.

"तिसरं पुस्तक वाचलंस ना तू?" मी म्हटलं.

"वाचलं."

"मग विचारतेस काय?"

ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. लाकडांकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं. पुस्तक चौरंगावर ठेवलं आणि घरी गेली.

आज सकाळी उठलो तर रचलेल्या लाकडांवर दोन ढलप्या जास्त होत्या. काजूच्या. माझ्या लाकडांत काजू नव्हता.